मास्तरांचा थेंब

दुरुस्त करून दिलेली लेन्स परत आली की जावई आधी दाराकडे बघायचा आणि मग लेन्सकडे. दाराकडे अशासाठी, की मास्तर आसपास नाहीत ना. ते नसले की तो लेन्स उजेडात धरायचा, मागची बारीक दांडी बोटाने दाबून सोडायचा, आणि आत काय दिसणार हे त्याला दाबायच्या आधीच ठाऊक असायचं. पाती जागची हलायला तयार नसायची. हललीच तर झोपेतून उठवल्यासारखी, एकेक करून, नाइलाजाने.

ज्यांनी कॅमेऱ्याची जुनी लेन्स कधी हातात घेतलेली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. लेन्सच्या पोटात, भिंगांच्या मधोमध, काळ्या पत्र्याची कागदासारखी पातळ पाती गोलाकार बसवलेली असतात. ती मिटली की मधलं भोक लहान होतं, उघडली की मोठं. डोळ्यातल्या बाहुलीचं जे काम, तेच यांचं. फोटो काढताना एक स्प्रिंग त्यांना खटकन मिटवते आणि लगेच मोकळं सोडते. सगळं काही त्या खटकनवर आहे. पाती रेंगाळली तर नको तितका उजेड आत शिरतो आणि फोटोतला माणूस पांढराफटक येतो. आणि पाती रेंगाळतात ती तेलामुळे. त्या पात्यांना तेलाचं बोटही लागता कामा नये.

मास्तर तेल घालायचे. आपणहून, कौतुकाने, दर लेन्सला.

मास्तर म्हणजे जावयाचे सासरे. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलेलं नव्हतं, स्वतः शिकले तेही बेताचंच. पण सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणायचा, आणि पाठीमागे लाडाने थेंबमास्तर. पाती धुऊन, पुसून, जागी बसवून झाली की ते उजव्या हाताशी ठेवलेली निळी बाटली उचलायचे, तेलात सुई बुडवायचे, आणि सुईच्या टोकावर मोहरीएवढा थेंब घेऊन तो पात्यांच्या कडेला टेकवायचे. हे करताना ते श्वास रोखून धरायचे. समोर बसलेलं गिऱ्हाईकही धरायचं. मग मास्तर दांडी दाबायचे, पाती खटकन मिटायची, आणि गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडायचा.

"कोरडं ठेवलं की कुरकुरणारच," मास्तर म्हणायचे. "माणूस काय नि पत्रा काय."

थेंब काही दिवस शहाण्यासारखा कडेला बसून राहायचा. मग ऊन वाढलं, लेन्स कुणाच्या गाडीत नाहीतर खिडकीत तापली, की तो हळूहळू पसरत पात्यांवर चढायचा आणि त्यांना एकमेकांना चिकटवून टाकायचा. मास्तरांना हे त्यांच्या उस्तादांनी शिकवलं होतं. त्या काळी ते चुकीचंही नव्हतं, कारण तेव्हाच्या लेन्सांमध्ये स्प्रिंग नव्हती, पाती हाताने कडी फिरवून मिटवायची, आणि तेलाने ती कडी मऊ फिरायची. पुढे स्प्रिंगच्या लेन्स आल्या. उस्ताद तोवर गेले होते, आणि थेंब मागे राहिला होता.

जावई या कामात आला तो नोकरी सुटल्यावर. त्याचं बिऱ्हाड त्याचं स्वतःचं होतं. सासूबाई गेल्यावर मास्तरच तिथे राहायला आले. म्हणजे मास्तर राहायला जावयाकडे आणि जावई कामाला मास्तरांकडे. त्याची बायको शाळेत गणित शिकवायची. ती त्याला घरजावई नाही, दुकानजावई म्हणायची. दुकानात मास्तर त्याला "अरे" म्हणायचे, चारचौघांत झापायचे, आणि तो त्यांना "मास्तर" म्हणायचा. घरी आले की तेच मास्तर "जावईबापू, तुम्ही आधी बसा" म्हणायचे आणि तो त्यांना "बाबा" म्हणायचा. दुकान आणि घर यांच्यामधल्या रस्त्यावर कुणी कुणाला काय म्हणायचं हे कधी ठरलंच नव्हतं, म्हणून दोघे तेवढा रस्ता मुकाट्याने चालायचे.

पाती कोरडी ठेवायची असतात हे जावयाला कुणी शिकवलं नाही. एकदा काम करता करता फोन आला आणि तो थेंब टाकायला विसरला. ती लेन्स पुन्हा कधी परत आली नाही. थेंब टाकलेल्या मात्र येत राहिल्या. त्याने स्वतःच्या एका लेन्सवर करून पाहिलं, मग दुसरीवर, आणि त्याला कळून चुकलं. कळलं त्याच दिवशी तो सांगणार होता. पण मास्तरांसमोर गिऱ्हाइकं बसली होती; त्यांच्यादेखत नको म्हणून थांबला. मग सासूबाई आजारी पडल्या, त्यात हे कुठे काढायचं? मग त्या गेल्या, आता तर नकोच नको. मग म्हातारा जरा सावरू दे. म्हातारा सावरला, हसायला लागला, आणि तोवर इतके दिवस उलटले होते की "हे तुला कळलं कधी?" या प्रश्नाचीच त्याला धास्ती बसली. गोष्ट सांगायची राहून जाते तेव्हा ती तशीच राहत नाही. रोज थोडी थोडी आंबत जाते.

तर जावयाने दुसरी वाट काढली. स्वतःच्या लेन्सला तो कोरडी सुई टेकवायचा, मास्तर बघत असले तर श्वाससुद्धा रोखायचा. आणि मास्तरांच्या लेन्स परत यायला लागल्या की त्यांना दुपारची वेळ द्यायचा, मास्तर घरी पडायला गेलेले असत तेव्हाची. "हवा किती दमट झालीय," असं गिऱ्हाइकाला सांगायचं, लेन्स खोलायची, पाती लायटरमधल्या पेट्रोलने धुवायची, कोरडी करून बसवायची. मास्तर परत यायच्या आत पेट्रोलचा वास जावा म्हणून पंखा मोठा करायचा.

याला तो मास्तरांच्या चुकांवर पांघरूण घालणं म्हणायचा. स्वतःशी म्हणताना त्याला भरून यायचं. सासऱ्यासाठी इतकं कोण करतं? पण खरं बोलायचं तर त्याला त्याची चटक लागली होती. गिऱ्हाइकाने लेन्स परत हातात घेऊन दांडी दाबली की तो किंचित हसायचा. फक्त किंचित. "पुढच्या वेळी दुपारी या," म्हणायचा. यातून ज्याला जे समजायचं ते समजायचं, आणि आपण मास्तरांविरुद्ध एक अक्षर बोललो नाही म्हणून जावई रात्री शांत झोपायचा. अशा हसण्याला बोलण्यापेक्षा जास्त धार असते हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

दातांच्या डॉक्टरबाई दुपारीच यायच्या. त्यांच्याकडे जुन्या लेन्सांचं मोठं कपाट होतं आणि त्यांच्यासारख्याच वेडाची माणसं जमवून त्यांनी एक मंडळ काढलं होतं. त्या दिवशी मात्र त्या सकाळी आल्या आणि सरळ मास्तरांसमोर बसल्या.

"मास्तर, रविवारी आमच्या मंडळात यायचं. शाळेचा हॉल घेतलाय. तुम्ही सगळ्यांसमोर एक लेन्स खोलायची, पाती साफ करून बसवायची. तुमच्या हातांवर कॅमेरा लावतो, मागे पडद्यावर सगळं मोठ्ठं दिसेल."

"माझे हात काय बघायचेत?" मास्तर म्हणाले, पण ते हात त्यांनी आधीच टेबलाखाली घेतले होते.

"अहो, आमची नवी मुलं सगळं पडद्यावर बघून शिकतात. त्यांना खरा कारागीर बघू दे की."

मास्तर जावयाकडे बघून म्हणाले, "ऐकलंस का रे? शाळेत चाललोय मी. या वयात."

जावई हसला. पण त्याला वेगळंच दिसत होतं. त्या हॉलमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला पाती कोरडी ठेवतात हे ठाऊक असणार. आणि मास्तर त्यांच्यासमोर, भिंतीएवढ्या पडद्यावर, श्वास रोखून तेलाचा थेंब टाकणार.

दोन दिवस तो सांगायचा प्रयत्न करत होता, असं निदान त्याला वाटत होतं. शुक्रवारी त्याने विषय काढला.

"मास्तर, तिथे थेंबाचं राहू द्या. वेळ कमी असेल."

"अरे वा! लोक थेंब बघायला येणार आणि मी तोच राहू देऊ?"

"तसं नाही. आजकाल काही जण कोरडंच ठेवतात म्हणे."

"ठेवू देत. मग कुरकुर ऐकायला बसू देत," मास्तर म्हणाले आणि हसत कामाला लागले. एवढ्यावर जावयाने आपल्यापरीने सांगून पाहिलं असं मनाशी ठरवून टाकलं.

शनिवारी संध्याकाळी तो स्वयंपाकघरात सिंकपाशी उभा राहून निळी बाटली साबणाने धूत होता. बाजूला पेट्रोलचा डबा होता. बायको वह्या तपासता तपासता उठून आली.

"बाबांची बाटली ना ही? काय करतोयस?"

त्याने दार लोटलं आणि सगळं सांगितलं. चिकटलेली पाती, परत येणाऱ्या लेन्स, दुपारची दुरुस्ती. सांगताना आवाज जरा जड झाला. बायकोचे डोळे भरून येतील अशी त्याची कल्पना होती. आता बाटलीत तेलाऐवजी पेट्रोल भरायचं, म्हणजे थेंब पडला तरी उडून जाईल, पाती कोरडी राहतील, मास्तरांच्या नावाला धक्का नाही.

बायकोचे डोळे काही भरून आले नाहीत.

"म्हणजे इतकी वर्षं तुला माहीत होतं, आणि तू बाबांना सांगितलं नाहीस?"

"त्यांना सहन झालं नसतं गं."

"बाबांना आईचं जाणं सहन झालं. पेट्रोल सहन होणार नाही?"

"तुला नाही कळायचं. कामातल्या माणसाचा मान असतो..."

"मला एक सांग," ती म्हणाली. वर्गात मुलाला फळ्यापाशी बोलवायची तोच आवाज. "हे तू त्यांच्यासाठी करतोस, की तुला बरं वाटतं म्हणून?"

तो चिडला. "उद्या हॉलमध्ये त्यांची शोभा झालेली चालेल तुला?" त्याने विचारलं.

"आत्ता बाहेर बसलेत. जा आणि सांग. नाहीतर मी सांगते."

"सोमवारी सांगतो. शप्पथ. उद्याचं पार पडू दे."

उद्याचं पार पडू दे, एवढंच तिने मान्य केलं, आणि तेही नाखुशीने. बाटली भरून त्याने ती मास्तरांच्या हत्यारांच्या पेटीत जिथल्या तिथे ठेवली.

हॉल भरला होता. गळ्यात कॅमेरे, मांडीवर पिशव्या, बहुतेक सगळे जावयाहूनही लहान. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी चष्मा चढवला, लेन्स हातात घेतली आणि पडद्यावर त्यांची बोटं उमटली, एकेक हाताएवढी. एरवी बडबडे मास्तर कामाला लागले की गप्प होत. एकेक स्क्रू निघाला, भिंगं निघाली, चिमट्याने एकेक पातं उचलून पेट्रोलच्या वाटीत गेलं. हॉलमध्ये कुजबुज थांबली. जावयालाही वाटलं, असे हात आपले कधी होणार नाहीत. एकही हालचाल वाया जात नव्हती. पाती पुसून पुन्हा बसवताना शेवटचं पातं पहिल्याच्या खाली सरकवावं लागतं, तिथे भलेभले घामाघूम होतात. मास्तरांनी ते पान उलटावं इतक्या सहज सरकवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथेच कुणी दिवे घालवून घरी जा म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं!

मास्तरांनी निळी बाटली उचलली.

"आता शेवटचं," ते म्हणाले. "तेल."

पहिल्या रांगेतल्या एकाने शेजारच्याकडे बघितलं. "तेल? पात्यांवर?" तो काही हळू बोलला नाही. मागे कुणीतरी फिसकन हसलं. जावयाचे कान तापले. मास्तरांनी सुई बुडवली, बाहेर काढली, श्वास रोखला. पडद्यावर सुईच्या टोकाशी ताटाएवढा थेंब लोंबला, थरथरला, आणि नीट गोल होण्याआधीच पात्यावर ओघळला. मास्तरांची भुवई हलली. थेंब पसरला, त्याच्या कडा आत आत येत गेल्या, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो नाहीसा झाला. काळं पातं होतं तसं कोरडं.

मास्तरांनी सुईचं टोक बघितलं. मग बाटली नाकाशी नेली.

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. "अहो मास्तर! काय फिरकी घेतलीत आमची! तेल म्हणून पेट्रोल!"

मग सगळा हॉल हसला. पहिल्या रांगेतला तो सगळ्यांत मोठ्याने. थेंबमास्तरांचा थेंब म्हणजे असा होता तर! ज्याने त्याने शेजारच्याला कोपराने ढोसलं. एक मुलगी उभी राहिली. "मास्तर, म्हणजे इतकी वर्षं बाटलीत पेट्रोलच असायचं?"

मास्तरांनी बाटली खाली ठेवली.

"नाही," ते म्हणाले. "तेल असायचं. मी तेलच घालत आलोय."

यावर हशा दुप्पट झाला. "पुरे आता मास्तर," डॉक्टरबाई डोळे पुसत म्हणाल्या. मास्तर पुन्हा काही बोलायला गेले, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू आलं नाही. लोक उभे राहिले होते. मास्तरांनी त्या सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि ती जावयावर येऊन थांबली. जमिनीने पोटात घ्यावं असं माणसं नुसतं म्हणतात. त्याला त्या वेळी ते खरोखर हवं होतं. आणि तरीही, आपण एकटेच बसलेले दिसू नये म्हणून, तोही उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला.

परत येताना मास्तरांनी मिळालेला फुलांचा गुच्छ भाजीच्या जुडीसारखा उलटा धरला होता. पेटी जावयाच्या हातात होती. शाळेची भिंत संपली, औषधाचं दुकान गेलं, आणि जिथे ते नेहमी गप्प चालायचे त्या रस्त्यावर मास्तर बोलले.

"बाटली तुम्ही भरलीत."

"हो."

"का?"

"तेलाने पाती चिकटतात, बाबा." मग त्याला वाटलं मास्तर म्हणायला हवं होतं. "स्प्रिंगच्या लेन्समध्ये. काही महिन्यांनी."

"माझी चिकटतात?"

"हो."

"किती परत आल्या?"

"बऱ्याच."

"म्हणजे?"

"जवळजवळ सगळ्या."

मास्तर थांबले. एक सायकलवाला घंटी वाजवत त्यांना वळसा घालून गेला.

"आणि तुम्ही त्या दुपारी दुरुस्त करायचात."

जावयाने मान हलवली. आता ते ओरडतील, दुकानात ओरडतात तसे, आणि एकदाचं मोकळं होईल, अशी त्याला आशा होती. पण मास्तर ओरडले नाहीत. ते काहीतरी आठवल्यासारखे फुलांकडे बघत राहिले.

"लोक दुपारीच यायला लागले, हे मला दिसत होतं," ते म्हणाले. "सकाळी मी रिकामा बसायचो. मला वाटलं, माझे हात गेले. आपल्याला कळत नाही, पण लोकांना दिसतं, आणि भिडेखातर कुणी बोलत नाही. डॉक्टरला दाखवून आलो. तो म्हणाला, काही झालेलं नाही. मला वाटलं, तोही भिडेखातरच म्हणतोय. मग सकाळी गॅलरीत बसून सुईत दोरा ओवायचो. ओवायचो, काढायचो. हात कापतो का बघायला."

जावयाने ते पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं, चहा पिता पिता, समोर बसून. म्हातारा शर्टाचं बटण लावत असेल असं त्याला वाटलं होतं, आणि त्यापुढे त्याने विचार केला नव्हता. पांघरूण घालतो म्हणून स्वतःवर इतका खूश असलेला माणूस, पांघरुणाखालच्याचा जीव घुसमटतोय का एवढं बघायलाही वाकला नव्हता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलो, बाबा," तो म्हणाला. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट तर वाटलंच असतं," मास्तर म्हणाले. "त्यात काय? दोन दिवस वाटलं असतं."

ते घरी पोचले. दार बायकोने उघडलं. तिने आधी वडिलांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि तरी विचारलं, "कसं झालं?"

"छान झालं," मास्तर म्हणाले. "लोक खूप हसले." गुच्छ तिच्या हातात देऊन ते आत गेले. त्या संध्याकाळी ते जेवायला आले, पोळी मोडून खाल्ली, आणि जावयाकडे मीठ मागताना "जरा मीठ देता का" म्हणाले. इतकं अदबशीर बोलणं त्याला आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं.

सोमवारी जावई उठला तेव्हा मास्तर दुकानात गेलेले होते. तो धावत पळत पोचला. मास्तर आपल्या खुर्चीत नव्हते. गिऱ्हाइकं बसतात त्या स्टुलावर, टेबलाच्या अलीकडे, हात मांडीवर ठेवून बसले होते. टेबलावर एक लेन्स होती, काही महिन्यांपूर्वी त्यांनीच दुरुस्त केलेली, कुणी न्यायला न आलेली, कपाटातून शोधून काढलेली. पाती चिकटलेली.

"बस," त्यांनी आपल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "आणि दाखव."

"मास्तर, तुम्ही तिथे नका बसू."

"मग शिकणारा कुठे बसतो?"

जावई खुर्चीच्या कडेवर टेकला. लेन्स खोलताना त्याच्या हातून चिमटा दोनदा निसटला. सांगण्यासारखं फार नव्हतंच. पाती एक एक करून धुवायची, एकदा नाही, पेट्रोल बदलून पुन्हा. पुसल्यावर बोट लावायचं नाही, बोटालाही तेल असतं. ज्या कडीत ती बसतात ती कडीही धुवायची. आणि मग काहीच करायचं नाही. मास्तर पुढे वाकून, चष्मा कपाळावर ढकलून ऐकत होते. मध्ये मध्ये विचारत होते: कडी कशाने पुसतोस? वाळायला किती वेळ देतोस? वास पूर्ण गेला पाहिजे का? असे प्रश्न, की ज्यांची उत्तरं शोधायला जावयाला स्वतःला कित्येक लेन्स बिघडवाव्या लागल्या होत्या. आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की आपण आजवर या माणसाच्या रागाचा, दुःखाचा, अपमानाचा विचार केला, त्या प्रत्येकाची भीती घातली स्वतःला. पण तो ऐकून घेईल आणि शिकेल, एवढी साधी शक्यता आपल्या डोक्यात एकदाही आली नव्हती. सासऱ्याला त्याने इतकं लहान समजलं होतं.

"आण इकडे," मास्तर म्हणाले.

त्यांनी पाती धुतली, पेट्रोल बदललं, पुन्हा धुतली. कडी धुतली. उजेडात धरून एकेक पातं दोन्ही बाजूंनी पाहिलं. बसवली. शेवटचं पातं पहिल्याखाली सरकवलं. उजवा हात सवयीने बाटलीकडे निघाला आणि वाटेतच थांबला. तो त्यांनी परत मांडीवर ठेवला. मग डाव्या अंगठ्याने दांडी दाबली.

पाती मिटली. सोडल्यावर उघडली. मास्तरांनी पुन्हा दाबून पाहिलं, मग पुन्हा, कान लेन्सजवळ नेऊन. आवाज इतका स्वच्छ होता की जावयाच्या कुठल्याच लेन्सचा तसा कधी आला नव्हता. पाती बसवायला घेतली तेव्हा टेबलावर आणून ठेवलेल्या चहाला अजून वाफ होती.

मास्तरांनी लेन्स खाली ठेवली आणि त्याच्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. असता तर बरं झालं असतं.

"एवढंच होतं?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," जावई म्हणाला.